पेशव्यांची शाल आणि गावची सुपारी

‘लोकशाहीर रामजोशी’ हा १९४७ सालचा चित्रपट परवा पुन्हा पाहिला. राजकमलचा. दिग्दर्शक म्हणून दोन नावं, बाबूराव पेंटर आणि व्ही. शांताराम, म्हणजे गुरू आणि शिष्य. कथा आणि गाणी गदिमांची, संगीत वसंत देसाईंचं. जयराम शिलेदार रामजोशी आणि हंसा वाडकर बया. आमच्या पिढीनं हा चित्रपट थिएटरात पाहिलेला नाही, पण घरातल्या मोठ्यांच्या तोंडून त्यातल्या सवाल-जवाबाबद्दल इतकं ऐकलं होतं की पाहण्याआधीच अर्धा पाठ होता.

गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच. सोलापूरचा ब्राह्मणाचा मुलगा, थोरले बंधू मुद्गल जोशी पुराणिक, आणि या पोराला मात्र धोंडी शाहिराच्या फडाचा नाद. भावानं घराबाहेर काढलं, तो पंढरपूरला जाऊन शास्त्र शिकला, कीर्तनकार झाला, आणि तरी डफ काही सुटला नाही. पुढे पुणं, दुसऱ्या बाजीरावाचा काळ, मानमरातब. रामजोशी १८१२च्या सुमारास गेले, म्हणजे पेशवाई बुडायच्या पाच-सहा वर्षं आधी.

अशा सगळ्या चित्रपटांचा एक ठरलेला चढ असतो. गुणी माणूस, गावाला त्याची किंमत नाही, मग तो मोठ्या शहरात धनवंताच्या दारी जातो आणि तिथं त्याचं चीज होतं. शांतारामबापूंनीच १९५१ साली होनाजी बाळावर ‘अमर भूपाळी’ काढला. तिथंही काळ तोच, दुसऱ्या बाजीरावाचा. हे चित्रपट मला आवडतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण मी जुन्नर तालुक्यातला. त्यामुळे कलावंत दरबाराकडे निघाला की माझं लक्ष त्याच्यावरून उडतं आणि मी त्या देणाऱ्याकडे पाहायला लागतो. कारण तो देणारा आमच्या गडावरून पुण्याला गेलाय.

म्हणजे काय, ते सांगतो.

शिवनेरी म्हटलं की शिवजन्म, एवढंच आपल्या डोक्यात असतं. ते योग्यच आहे. पण त्याच गडावर १७९०च्या दशकात राघोबादादांची मुलं नजरकैदेत होती. आधी त्यांना नाशिकजवळ आनंदवल्लीला ठेवलेलं होतं, मग नाना फडणविसांनी शिवनेरीवर आणलं. त्यातला बाजीराव विशीतला. तिथून तो आपल्याच वयाच्या आसपासच्या सवाई माधवरावाला चोरून चिठ्ठ्या पाठवायचा, आणि नानांना ते कळल्यावर मोठा गहजब झाला. ऑक्टोबर १७९५मध्ये सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून गेले. वारस कोण, याचा घोळ सुरू झाला आणि १७९६ साली परशुरामभाऊ पटवर्धन बाजीरावाला न्यायला शिवनेरीला आले. गडावरच्यांचा विश्वास बसेना. ग्रँट डफनं लिहून ठेवलंय की भाऊंना गाईचं शेपूट धरून गोदावरीची शपथ घ्यावी लागली, तेव्हा कुठे मंडळी खाली उतरली.

हा प्रसंग कुणी पडद्यावर का आणला नाही, कोण जाणे. गडाच्या पायथ्याशी गाय उभी आहे, एक बुजुर्ग सेनापती तिचं शेपूट धरून उभा आहे, आणि समोर उद्याचा पेशवा!

पेशवा तरी कुठे लगेच झाला? मध्ये धाकट्या चिमाजी अप्पांना गादीवर बसवून झालं. बाजीरावाला वस्त्रं मिळाली ती डिसेंबर १७९६मध्ये, आणि त्यासाठी त्यानं दौलतराव शिंद्यांना दोन कोटींचं वचन दिलं होतं. तिजोरीत तेवढे पैसे नव्हतेच. मग १७९८ साली सर्जेराव घाटग्यानं पुण्यातल्या सावकारांकडून ते कसे उकळले, त्याची वर्णनं वाचवत नाहीत. पुढे १८०२ साली होळकरांनी हडपसरच्या लढाईत हरवलं, तेव्हा हाच बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला आणि वर्षाच्या शेवटच्या दिवशी वसईचा तह केला. शेवटी १८१८नंतर ब्रह्मावर्तात, वर्षाला आठ लाखांच्या पेन्शनीवर, १८५१पर्यंत जगला.

म्हणजे चित्रपटातला कलावंत ज्याच्याकडे आश्रय मागायला जातो, तो माणूस स्वतःच जन्मभर आश्रय मागत फिरला. आधी पटवर्धनांचा, मग शिंद्यांचा, मग कंपनी सरकारचा. हे ध्यानात घेऊन चित्रपट पाहा, शालजोडीचा रंगच वेगळा दिसायला लागतो.

बरं, त्या शालजोडीचा पैसा कुठला? दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत महालांचे मक्ते द्यायची पद्धत बोकाळली. जो जास्त बोली लावील त्याला मामलत. त्यानं दरबारात रक्कम भरायची आणि ती रयतेकडून सव्याज वसूल करायची. माधवराव पेशव्यांच्या काळातला मामलतदार निदान पुढच्या वर्षीही त्याच गावात यायचा होता. मक्तेदाराला पुढच्या वर्षाशी काय देणंघेणं? त्यात १८०२-०३मध्ये फौजांनी मुलूख तुडवला आणि पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. आमच्याकडच्या मीना, कुकडी, घोड खोऱ्यांतले कुणबी तेव्हा काय खात असतील ते त्यांनाच माहीत. शनिवारवाड्यातल्या लावणीची बिदागी शेवटी त्यांच्याच खळ्यावरून गेलेली होती. फक्त तिच्यावर नाव त्यांचं नव्हतं.

नावावरून आठवलं. जुन्नरइतका देणाऱ्यांच्या नावांनी भरलेला तालुका महाराष्ट्रात दुसरा नसेल. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी, सगळी मिळून अडीचशेच्या आसपास लेणी आणि त्यांत ब्राह्मी शिलालेख. लेण्याद्रीला आपण गिरिजात्मजाच्या दर्शनाला जातो आणि खाली उतरतो. शेजारचं सहा नंबरचं चैत्यगृह बघायला कितीजण थांबतात? कल्याणच्या सुलसदत्तानं ते दिल्याचं तिथं कोरलेलं आहे. दुसरीकडे इरिल नावाच्या यवनानं दोन पाण्याची टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दिला. मानमोडीवर नहपानाचा अमात्य अयम यानं टाकं आणि मंडप दिला आणि वर्षही टाकून ठेवलं, ४६. धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी, बांबूचं काम करणाऱ्यांची श्रेणी, सगळ्यांची नोंद आहे. ज्यानं छिन्नी चालवली, ज्याच्या नाकातोंडात ती भुकटी गेली, त्याचं नाव मी तरी तिथं वाचलेलं नाही. देणाऱ्याचं नाव दगडात आणि करणाऱ्याचं वाऱ्यावर. आमच्याकडे ही रीत दोन हजार वर्षांची आहे म्हणायची.

असो. लेण्यांवर एकदा स्वतंत्र लिहीन. आता पुन्हा तमाशाकडे.

१८१८ला दरबार संपला. लावणी संपली नाही. चित्रपटवाले इथं येऊन थांबतात, कारण पेशवा नाही म्हणजे झगमगाट नाही. पण माझ्या मते खरी गोष्ट इथूनच सुरू होते. शाहिराला आता एक धनी उरला नाही, म्हणून तो शेकडो धन्यांकडे गेला. गावजत्रेकडे. आणि धनी बदलला तशी कलाही बदलली. दरबाराला एक लावणी, एक सवाल-जवाब पुरत होता. खुशी झाली की शाल, आणि मैफल बरखास्त. गावानं वर्गणी काढून फड बोलावला की त्याला रात्रभराचं पाहिजे! तांबडं फुटेस्तोवर पुरेल अशी गोष्ट पाहिजे. १८६५च्या सुमारास सावळजच्या उमा-बाबजींचा ‘मोहना-बटाव’ आला, तो पहिला वग मानतात. गण, गवळण, बतावणी आणि मग वग, हा जो तमाशाचा साचा आपण ओळखतो, त्याच्यावर पेशव्यांपेक्षा पाटील-पंचांचा हात जास्त आहे असं मला वाटतं. अभ्यासक मंडळी याला आक्षेप घेतील. घेऊ देत.

आणि या नव्या धन्याचा दरबार भरतो कुठे? आमच्या नारायणगावात.

पुणे-नाशिक रस्त्यावरून जाताना ज्यांनी नारायणगाव फक्त टोमॅटोच्या बाजारासाठी आणि मिसळीसाठी पाहिलंय, त्यांनी एकदा गुढीपाडव्याच्या सुमारास थांबावं. फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या मालकाचं किंवा मालकिणीचं नाव, मोठे रंगीत फलक, आत गादी, टेबल, वही. तमाशा तिथं होत नाही, ठरतो. पुणे, नगर, नाशिक, ठाणे, सातारा, कुठकुठल्या गावांचे पंच जीपगाड्या करून येतात आणि आपल्या जत्रेची तारीख सांगतात.

आमचे आजोबा गावच्या जत्रा कमिटीवर होते, त्यामुळे हा व्यवहार मी लहानपणापासून ऐकत आलोय. ते सांगायचे तो संवाद साधारण असा:

“या पाव्हणं, बसा. गाव कोणतं?”

गाव सांगायचं. चहा यायचा.

“तारीख?”

“चैत्री पुनव.”

यावर समोरचा माणूस वही मिटायचा. “पुनवंचं नगा बोलू. अष्टमीला या म्हणा, निम्म्यात येतो.”

सगळं गणित तिथीचं. चैत्री पुनवेला, म्हणजे हनुमान जयंतीला, जत्रा असलेली गावं शेकड्यानं, आणि नावाजलेले फड मोजके. त्या रात्रीची सुपारी सर्वात महाग. आडतारखेला तोच फड, तीच मंडळी, तोच वग आणि भाव उतरलेला. मग पंच उठतात, दुसऱ्या राहुटीत जातात, तिथून तिसऱ्या, आणि पुन्हा पहिलीत. विसार दिला, करार लिहिला, की परत जाताना गाडीत भांडण. “तुम्ही लगेच हो म्हणालात म्हणून पैसे जास्त गेले.” हे भांडण आजोबांच्या सांगण्याप्रमाणे दरवर्षी व्हायचं आणि दरवर्षी त्याच वळणावर व्हायचं.

इथं बघा, उलटं झालेलं आहे. रामजोशी पुण्याला गेले. इथं धनी कलावंताच्या राहुटीत येतो, कलावंतानं पुढे केलेल्या गादीवर बसतो, आणि घासाघीस करून हरतो. पैसा तोच, कुणब्याचा. पण मधला मक्तेदार गेला, आणि पेशवाही गेला. घरटी वर्गणी, मुंबईला मार्केटात नाहीतर गोदीत असलेल्यांची वेगळी वर्गणी, लेकी-जावयांच्या देणग्या. आणि तमाशा ऐन रंगात आला की ढोलकी थांबवून माईकवरून नावं. “अमुक अमुक यांच्याकडून जत्रेला एकशे एक रुपये, मंडळ आभारी आहे.” शहरातले पाहुणे यावर वैतागतात. मी नाही वैतागत. सुलसदत्तानं चैत्यगृहावर नाव घातलं तेव्हा माईक नव्हता, एवढाच काय तो फरक.

सकाळी देवळापुढे तमाशाची हजेरी व्हायची. रात्रभर नाचलेली, गायलेली माणसं तोंडावर पाणी मारून पुन्हा उभी. दुपारी कुस्त्या. तेवढ्यात फडाचे ट्रक भरून पुढच्या गावाला निघायचे, कारण पुढच्या रात्रीची सुपारी कदाचित आंबेगावात घोडनदीच्या काठावर, नाहीतर पार संगमनेरच्या पलीकडे.

आता एवढं वाचून कुणाला वाटेल की मी गावगाड्याची आरती ओवाळतोय. तसं नाही. गावानं दरबाराची जागा घेतली हे खरं, पण दरबाराचे दोषही घेतले, आणि एक दोष स्वतःचा घातला. दरबाराचं वर्षासन असायचं. गावाची सुपारी एका रात्रीची असते.

फडाचं वर्ष कसं चालतं ते पाहा. दसऱ्याला बाहेर पडायचं, आधी तंबू ठोकून तिकिटावर खेळ, मग चैत्र-वैशाखात जत्रांच्या सुपाऱ्या, आणि पावसाच्या तोंडावर घरी. पावसाळ्यात उत्पन्न शून्य. पण त्याच दिवसांत कलावंतांना पुढच्या हंगामाची उचल द्यावी लागते, नाहीतर ढोलकीवाला दुसऱ्या फडाला जातो. ही उचल मालक सावकाराकडून व्याजानं आणतो. ट्रक, जनरेटर, डिझेल, शंभरावर माणसांचं जेवण, सगळं अंगावर. अवकाळी पाऊस आला आणि खेळ बुडाला की नुकसान फडाचं. म्हणजे नारायणगावच्या त्या गादीमागे आणखी एक गादी असते, आणि तिथं वही मिटणारा दुसराच कुणी असतो.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. हे नाव आल्याशिवाय आमच्याकडच्या कुणाचाही तमाशावरचा लेख पुरा होत नाही. १९३५ साली पंढरपुरात जन्म, आजोबा नारायण खुडे यांनी उभा केलेला फड, वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा पुढे ‘भाऊ-बापू’ म्हणून गाजलेला. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव. भर खेळात कळा लागल्या, तंबूमागे जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत तर महाराष्ट्रभर सांगितली जाते. सांगताना लोकांचा सूर कौतुकाचा असतो. मला ती ऐकताना प्रत्येक वेळी वाटतं, त्या रात्री समोर बसलेला धनी कोण होता? हजारो माणसं, सुपारी दिलेली, वग पुरा व्हायला हवा म्हणणारी. यातल्या एकालाही पेशवा म्हणता येणार नाही. पण हुकूम होताच की.

१५ जानेवारी २००२ला त्या गेल्या. शेवटचे दिवस हलाखीत गेले, दवाखान्याचं बिल देणग्यांतून भागवावं लागलं. पुढे राज्य शासनानं त्यांच्या नावानं तमाशातला जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. ज्या गावांनी चाळीस वर्षं त्यांच्यासाठी राहुटीत घासाघीस केली, त्यांनी वाईट वागवलं असं मी म्हणत नाही. ठरलेली रक्कम बहुतेकांनी दिलीही असेल. पण म्हातारपण कुणाच्याच करारात नव्हतं. पंचांना वाटलं ते मालकाचं काम, मालकाला वाटलं ते सरकारचं, आणि सरकारला जाग आली तोवर पुरस्काराला नाव देण्याची वेळ आलेली होती.

आणि हे पहिल्यांदा घडत नव्हतं. ‘रामजोशी’ पडद्यावर आला त्याच्या दोनच वर्षं आधी, १९४५ साली, पठ्ठे बापूराव पुण्यात गेले. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, तेही ब्राह्मण, त्यांनीही तमाशासाठी घरदार सोडलं. त्यांच्या फडातली पवळा आमच्या डोंगरापलीकडच्या हिवरगाव पावसा गावची. एके काळी या दोघांच्या नावावर मुंबईची थिएटरं भरत होती, आणि बापूरावांचा शेवट मात्र दारिद्र्यात झाला. जिवंत रामजोशी गेला आणि दोन वर्षांनी पडद्यावरच्या रामजोशीला लोकांनी डोक्यावर घेतलं. त्याच सुमाराला, दशक संपता संपता, मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळानं तमाशावर बंदी आणली. पुढे ती अटींवर उठली, वग आधी तपासून घ्यायचे ठरलं, आणि तमाशाचं ‘लोकनाट्य’ झालं. म्हणजे शहरातल्या थिएटरात हंसाबाईंच्या बयेला शिट्ट्या पडत होत्या आणि खेड्यातल्या खऱ्या बया परवान्यासाठी खेटे घालत होत्या.

बाबूराव पेंटरांचंही एक सांगायचं राहिलं. कोल्हापुरात त्यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली तेव्हा पैसा उभा केला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. शाहू महाराजांचा आधार होताच, पण भांडवल एका गाणाऱ्या बाईचं. मराठी चित्रपटाच्या पहिल्या मोठ्या कारखान्याचा धनवंत आश्रयदाता म्हणजे स्वतः एक कलावंतीण! आणि त्याच कंपनीत पोरगेला असताना शिकलेल्या शांतारामांनी पंचवीसेक वर्षांनी आपल्या गुरूला ‘रामजोशी’साठी राजकमलमध्ये बोलावलं. या चित्रपटामागची ही गोष्ट मला पडद्यावरच्या गोष्टीपेक्षा जास्त धरून ठेवते.

२०२० साली पाडव्याला देश बंद झाला. नारायणगावात त्या वर्षी राहुट्या लागल्या नाहीत, २०२१लाही जत्रा झाल्या नाहीत. दोन हंगाम गेले. उचल आधीच वाटलेली होती, व्याज चालू होतं. ढोलकीवाले, नाचणाऱ्या पोरी मजुरीला गेल्या, कुणी भाजी विकली. काही गावांनी, संस्थांनी शिधा पोचवला, तो पोचवणाऱ्यांचं कौतुकच आहे. पण तेव्हा एका चुलतभावानं फोनवर विचारलं होतं, “आपल्या गावानं जत्रेची वर्गणी काढलीच नाही ना यंदा? मग निम्मी तरी काढून फडाला द्यायला काय हरकत होती?” मी म्हटलं, कमिटीपुढे मांड. त्यानं मांडलं. कमिटीतल्या एका जाणत्या माणसाचं म्हणणं पडलं की खेळ झाला नाही तर पैसे कसले द्यायचे. दुसरे म्हणाले, पुढच्या वर्षीचा विसार म्हणून देऊ. यावर बरीच चर्चा झाली आणि मग तो पैसा देवळाच्या सभामंडपाच्या फरशीला गेला.

फरशीवर देणगीदारांची नावं आहेत. आमचंही आहे.